सीमेपलीकडचे औषध



परदेशी मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेल्या आईवडिलांची बॅग भरली जात असताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी हे सारे बसले की उरलेल्या कोपऱ्यात औषधांच्या पट्ट्या जातात. रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉईडच्या. मुक्काम सहा महिन्यांचा, म्हणून गोळ्याही सहा महिन्यांच्या. त्यांवर डॉक्टरांची टाइप केलेली चिठ्ठी, कोणी हटकलेच तर दाखवायला. "तिकडे औषध फार महाग," एवढे एकच कारण यासाठी दिले जाते आणि आपण मान हलवतो. परंतु एकच औषध एका देशात महाग आणि दुसऱ्या देशात स्वस्त का, आणि स्वस्त देशातून ते आणण्यास मनाई असेल तर ती मनाई कोणाच्या हितासाठी, हे आपण सहसा विचारीत नाही. आज आम्ही ते विचारणार आहोत.

हा प्रश्न जगात सर्वांत मोठ्या आवाजात विचारला गेला तो अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर. म्हणून प्रथम तिकडे जाऊ. घरी परत यायचे आहेच.

१९९९ सालच्या उन्हाळ्यात व्हर्मॉन्ट या अमेरिकेतील लहानशा राज्यातून काही स्त्रिया बसमध्ये बसून सीमेपलीकडे माँट्रियल शहरी गेल्या. त्यांच्याबरोबर त्या राज्याचे त्या वेळचे प्रतिनिधी बर्नी सँडर्स होते. या स्त्रिया प्रवासाला निघाल्या नव्हत्या; स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध विकत घ्यायला निघाल्या होत्या. अमेरिकेत पडे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाच्या किमतीत ते तेथे मिळाले. वीस वर्षांनी, २०१९ साली, तेच सँडर्स मधुमेहाच्या रुग्णांना घेऊन डेट्रॉइटहून पलीकडच्या विंडसर गावी गेले. या वेळी औषध होते इन्शुलिन, आणि किमतीतला फरक पुन्हा सुमारे दहापटीचा.

या दुसऱ्या प्रवासातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. इन्शुलिनचा शोध कॅनडातच, टोरोंटोस १९२१ साली लागला. त्याच्या शोधकर्त्यांनी १९२३ साली पेटंटाचे हक्क टोरोंटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हेतू हा की, या औषधावर कोणाची मक्तेदारी होऊ नये. शंभर वर्षे होत आली तेव्हा जगातील सर्वांत श्रीमंत देशातील माणसे तेच औषध आणायला नदी ओलांडून जात होती. आणि जी जाऊ शकत नव्हती, ती काय करीत होती? मात्रा कमी करीत होती. दोन दिवसांचे इन्शुलिन तीन दिवस पुरवीत होती. मिनेसोटा राज्यात २०२० साली निकडीच्या प्रसंगी इन्शुलिन मिळवून देणारा कायदा झाला, तो एका सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या नावाने ओळखला जातो. आईच्या विम्याचे छत्र वयोमानाने सुटले, आणि महिनाभराच्या आत तो दगावला. किमतीची चर्चा आकड्यांची वाटते. तिच्या तळाशी ही माणसे आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता आकडेही पाहू. अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेने २०२२ सालच्या किमतींची तुलना करून काढलेला निष्कर्ष असा की, अमेरिकेतील औषधांच्या किमती इतर तेहतीस विकसित देशांच्या मानाने सरासरीने पावणेतीन पटींहून थोड्या अधिक आहेत. मूळ कंपनीच्या नावाच्या औषधांपुरते पाहिले, तर हा फरक छापील किमतींत चौपटीच्याही वर जातो. परंतु पेटंट संपलेल्या, साध्या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत अमेरिका इतर देशांपेक्षा स्वस्त आहे! म्हणजे आपल्या बॅगेतली रक्तदाबाची जुनी गोळी तिकडेही फारशी महाग नसते. महाग असते ती चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांची भेट. खरी आग आहे ती नव्या, पेटंटाखालच्या औषधांत. जेथे विकणारे दहा आहेत तेथे किंमत खाली येते, आणि जेथे विकणारा एकच आहे तेथे घेणाराही एकजुटीने उभा राहिला तरच ती खाली येते. हा साधा बाजारी न्याय आहे.

कॅनडाने नेमके तेच केले. १९८७ साली त्या देशाने पेटंटाखालच्या औषधांच्या किमती तपासणारे मंडळ स्थापले. इतर देशांतील किमतींशी ताडून पाहून, कारखानदाराची किंमत अवाजवी ठरली तर हे मंडळ ती उतरवायला लावते. शिवाय तेथील प्रांत २०१० नंतर एकत्र येऊन कंपन्यांशी सौदा करू लागले. अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर ही प्रचंड सरकारी विमायोजना आहे. परंतु २००३ साली तिच्यात औषधांचा समावेश झाला तेव्हा कायद्यातच लिहून ठेवले गेले की, सरकारने किमतीच्या बोलणीत पडू नये. बाजारात सर्वांत मोठी पिशवी घेऊन जायचे आणि भाव मात्र विचारायचा नाही, असा हा प्रकार झाला.

आणि गंमत अशी की, त्याच २००३ च्या कायद्याने कॅनडातून औषध आणण्याची वाटही दाखवली. औषध आयात करण्यास हरकत नाही, मात्र आयातीने लोकांच्या आरोग्यास जादा धोका नाही आणि ग्राहकांचा खर्च बराच वाचेल, असे आरोग्यमंत्र्याने आधी लिहून द्यावे! अशीच अट २००० सालच्या कायद्यात होती. त्या वेळच्या मंत्री डॉना शलेला यांनी असे लिहून देण्यास नकार दिला. त्यांच्यामागून आलेले टॉमी थॉम्प्सन यांनीही नकार दिला. पक्ष वेगळे, उत्तर एकच. २००० पासून २०२० पर्यंत एकाही मंत्र्याची सही झाली नाही. म्हणजे एका हाताने घासाघिशीचे दार बंद केले, आणि दुसऱ्या हाताने आयातीचे दार रंगवले, पण त्याला कडी आतून.

येथे कोणी म्हणेल की, हे सगळे कारखानदारांचे कारस्थान आहे, सुरक्षितता हे केवळ निमित्त. आम्हांस तसे सरसकट म्हणवत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषधाचे एक पातळ मिश्रण डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात बनवले गेले आणि शंभराहून अधिक माणसे, त्यांत अनेक मुले, प्राणास मुकली. तेव्हा कोठे औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे दाखवण्याचे बंधन १९३८ साली आले. हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. प्रत्येकामागे काही प्रेते आहेत.

सीमापार व्यापारातही लबाडी झालेली आहे. २०१२ साली अमेरिकेतील कर्करोगाच्या दवाखान्यांत अॅव्हॅस्टिन या महागड्या औषधाच्या खोट्या कुप्या सापडल्या. त्यांत औषधाचा अंश नव्हता. या कुप्या तुर्कस्तानपासून युरोपातील निरनिराळ्या देशांतून, अनेक अडत्यांच्या हातांतून तेथवर पोचल्या होत्या, आणि त्या साखळीत कॅनडातून टपालाने औषधे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचे दुकान होते. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विमानतळांवर टपालाची पुडकी उघडून पाहिली, तेव्हा "कॅनडाचे" म्हणून मागवलेल्या औषधांपैकी बरीचशी कॅनडाची नव्हतीच. ती दुसऱ्याच देशांतून आली होती, आणि त्या देशांत भारतही होता. रुग्णाने नाव वाचले एका देशाचे, गोळी गिळली दुसऱ्याच देशाची.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. २००८ साली अमेरिकेत हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने अनेक रुग्णांना अचानक त्रास झाला; डझनावारी मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. त्याचा कच्चा माल डुकरांच्या आतड्यांपासून चीनमध्ये तयार होई, आणि त्यात एक स्वस्त, दिसायला तसेच द्रव्य मिसळले गेले होते. त्या काळच्या नेहमीच्या तपासणीत ते पकडले जात नसे. हे औषध कोणी बसमध्ये बसून आणले नव्हते, टपालानेही मागवले नव्हते. ते कायदेशीर मार्गाने, मान्यताप्राप्त कंपनीच्या नावाने, रुग्णालयांत पोचले होते.

मग सीमा रक्षण करते ते कशाचे? कॅनडातील अधिकृत दुकानात, अधिकृत औषध, तेथील सरकारच्या देखरेखीखाली विकले जात असेल, तर पूल ओलांडल्याने ते विष होत नाही. आणि स्वदेशातल्या दुकानातले औषध केवळ स्वदेशी दुकानातले म्हणून अमृत होत नाही. औषध सुरक्षित ठरते ते साखळीने. कच्चा माल कोणाचा, कारखाना कोणता, बॅच कोणती, साठवले कोठे, विकले कोणी, या प्रत्येक कडीवर जबाबदार माणसाचे नाव असले पाहिजे, आणि त्याला जाब विचारणारे कोणी असले पाहिजे. साखळी धड असेल तर ती सीमा ओलांडू शकते. तुटकी असेल तर ती एका गल्लीतही मारते.

ती सीमा ओलांडू शकते याचा पुरावा युरोपात आहे. १९७४ साली युरोपीय न्यायालयाने असा निकाल दिला की, मालकाने स्वतः एका सभासद देशात विकलेले औषध दुसऱ्या सभासद देशात नेण्यास त्याला पेटंटाच्या जोरावर अडवता येणार नाही. तेव्हापासून ग्रीस, स्पेन यांसारख्या स्वस्त देशांतून जर्मनी, इंग्लंडसारख्या महाग देशांत औषधे उघडपणे, परवाना घेऊन, नव्या वेष्टनात जात आली. इंग्लंड पुढे त्या संघातून बाहेर पडले, पण व्यवस्था टिकून आहे. २०१९ पासून तेथे चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पुड्यावर स्वतंत्र सांकेतिक खूण असते आणि दुकानदार ती तपासूनच पुडा हातात ठेवतो. तेव्हा आयात म्हणजे धोका, हे समीकरण टिकत नाही. मात्र या व्यापारातील नफ्याचा मोठा भाग रुग्णाऐवजी मधल्या व्यापाऱ्याच्या पदरी पडतो आणि स्वस्त देशांत औषधांचा तुटवडा होतो, हा आक्षेपही तितकाच जुना आहे.

तुटवड्याची हीच भीती कॅनडाला वाटली. कॅनडाची लोकसंख्या सुमारे ४ कोटी. अमेरिकेची ३३ कोटींच्या वर. विहीर एका वाड्याची आणि पोहरे साऱ्या गावाचे, अशी ही स्थिती. २०२० साली अमेरिकेच्या मंत्र्याने शेवटी सही केली आणि राज्यांना आयातीची योजना आखण्याची मुभा मिळाली. लागलीच त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कॅनडाने आदेश काढला की, देशात तुटवडा होईल अशा रीतीने कोणीही औषध बाहेर विकू नये. पुढे जानेवारी २०२४ मध्ये फ्लॉरिडा राज्याच्या योजनेस मान्यता मिळाली. पण मान्यता म्हणजे औषध नव्हे. प्रत्येक औषधाची वेगळी मागणी, त्याची तपासणी, त्यावर नवे वेष्टन, आणि सर्वांत आधी विकायला तयार असलेला कॅनडातील व्यापारी, इतके सगळे जुळावे लागते. कॅनडाचा आम्हांस राग येत नाही. आपल्या रुग्णांसाठी केलेला सौदा त्याने शेजाऱ्याच्या गरजेपायी मोडावा, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

या व्याख्यानात आम्हांस जे सांगायचे आहे ते येथे येऊन ठेपते. शेजारच्या देशातून स्वस्त औषध आणणे म्हणजे वस्तुतः शेजाऱ्याने केलेली घासाघीस आयात करणे. अडल्यानडल्या रुग्णाने ती जरूर करावी. त्याला गुन्हेगार म्हणणे अमानुष आहे. परंतु एखाद्या राष्ट्राने ते आपले धोरण म्हणून मिरवावे, हे त्या राष्ट्राला शोभत नाही. ज्याच्यापाशी स्वतःची ताकद आहे त्याने स्वतः बोलणी करावी.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. यकृतास पोखरणाऱ्या हेपेटायटिस सी या रोगावर सोफोसबुविर हे औषध २०१३ साली आले. अमेरिकेत बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर. मूळ कंपनीने भारतातील कारखान्यांना ते बनवण्याचा परवाना दिला, तेव्हा आपल्याकडे तोच उपचार काही शे डॉलरांत होऊ लागला. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांचे औषध आणण्यास मोकळीक आहे. तेथील होबार्ट गावच्या एका डॉक्टरने रुग्णांची खरेदी-मंडळी उभी केली, आलेल्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, आणि बरे होणाऱ्यांचे प्रमाण मूळ औषधाइतकेच आढळले. पण गोष्ट येथे संपत नाही. मार्च २०१६ पासून खुद्द ऑस्ट्रेलियाच्या सरकारने कंपन्यांशी पाच वर्षांचा ठोक सौदा केला: सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ, रुग्ण कितीही असोत. त्यानंतर सामान्य रुग्णाला भारताकडे पाहण्याचे कारणच फारसे उरले नाही. रुग्णांनी वाट दाखवली, सरकारने रस्ता बांधला.

अमेरिकेतही शेवटी तेच घडले. २०२२ सालच्या कायद्याने मेडिकेअरला किमतीची बोलणी करण्याचा अधिकार मिळाला. पहिल्या दहा औषधांच्या ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या; त्या २०२३ च्या छापील किमतींपेक्षा ३८ ते ७९ टक्क्यांनी कमी आहेत. वृद्धांच्या इन्शुलिनला महिना ३५ डॉलरांची मर्यादा २०२३ पासूनच आली होती. वीस वर्षे बसगाड्यांनी जे झाले नाही, ते टेबलाशी बसून मिळू लागले.

यावर कारखानदार म्हणतात की, अशाने संशोधन आटेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नवे औषध शोधायला पैसा लागतो, अपयशे पचवावी लागतात, आणि त्यातला मोठा भाग आजवर अमेरिकी ग्राहकाने उचलला आहे. परंतु संशोधनाचा खर्च कोणी किती उचलावा, हा राष्ट्रांनी उघडपणे बसून ठरवण्याचा प्रश्न आहे. तो इन्शुलिनची मात्रा अर्धी करणाऱ्या माणसाच्या खिशातून काढून घेणे, ही काही न्यायाची वाटणी नव्हे.

आता घरी येऊ. एके काळी आपणही महाग देशांत मोडत होतो. अमेरिकेतील सेनेटर केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी केली; तिच्या अहवालात भारतातील औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी असल्याचा शेरा आला. इतका गरीब देश आणि इतके महाग औषध! परंतु त्याआधीच, १९५४ साली, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला होता. १९५९ साली न्यायमूर्ती अय्यंगार यांनी पेटंटाच्या कायद्यावर अहवाल दिला, आणि १९७० सालच्या कायद्याने औषधाच्या वस्तूवरील पेटंट रद्द होऊन केवळ कृतीवरील पेटंट राहिले. त्याच वर्षी किमतींवर नियंत्रण आले. बॅगेतल्या त्या पट्ट्या स्वस्त आहेत त्या या निर्णयांमुळे. २००५ साली वस्तूवरील पेटंट परत आले. तरी २०१२ साली कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवाना देऊन महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांपर्यंत उतरवण्याचे धैर्य आपण दाखवले.

किमतीची लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकलो. साखळीची मात्र जिंकलेली नाही, आणि हे सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण भेसळीच्या ग्लिसरीनने दगावले. भेसळ कशाची? १९३७ साली अमेरिकेत मारणाऱ्या त्याच डायएथिलीन ग्लायकॉलची. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे सत्तर मुले दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणात बनलेल्या चार पातळ औषधांबाबत इशारा दिला, कारण त्यांत तेच विष आढळले होते. आणि २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले तमिळनाडूत बनलेल्या खोकल्याच्या औषधाने गेली. त्यातही तेच. अठ्ठ्याऐंशी वर्षांत विष बदलले नाही, आणि ते शोधण्याची चाचणी अवघड नाही. ती करून पाहणारा माणूस त्या कडीवर उभा नव्हता, एवढेच.

अमेरिकेतील कोणी कारखानदार उद्या म्हणाला की, "भारताचे औषध स्वस्त आहे, पण त्याचा भरवसा काय?" तर त्याला आपण काय उत्तर देणार? त्याचा हेतू स्वार्थी असेल. प्रश्न मात्र खरा आहे. गांबियातील आईला आपल्या किमतीचा काय उपयोग झाला? स्वस्ताई आणि सुरक्षितता यांतले एक निवडा, असे जो सांगतो तो आपल्याला फसवतो, मग तो महाग विकणारा असो की स्वस्त विकणारा. रुग्णाला दोन्ही हवीत, आणि दोन्ही देता येतात; किमतीसाठी बोलणी करणारे सरकार लागते आणि सुरक्षिततेसाठी तपासणी करणारे. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाला पुरेसे निरीक्षक हवेत, प्रयोगशाळा हव्यात, आणि दोष सापडला तर कारखान्याचे नाव जाहीर करण्याची हिंमत हवी. हे मागणे आपले आहे. आपण मागितल्याशिवाय ते मिळणार नाही.

आपल्या हातात तूर्त एक लहान गोष्ट आहे. औषध घेताना पावती मागावी, आणि तिच्यावर बॅच नंबर आहे की नाही ते पाहावे. पुष्कळदा दुकानदार म्हणतो, "कशाला हवी, साहेब?" ती साखळीची शेवटची कडी आहे, आणि ती आपल्या हातात असते. पुढच्या खेपेस मुलीकडे जायची बॅग भराल तेव्हा पट्ट्यांबरोबर तीही ठेवा.